अजाण वयाची धर्मदीक्षा



अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आज मुंबईची उपनगरे म्हणून ओळखली जातात. लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेले येथील जीवन पाहिले की या भूमीला काही जुना इतिहास असेल असे चटकन मनात येत नाही. परंतु ही सारी गावे साष्टी बेटातील. आजच्या विषयाचा, म्हणजे अजाण मुलांच्या मनावर परधर्माचा ठसा उमटविण्याच्या प्रयत्नांचा, महाराष्ट्रातील अगदी आरंभीचा अध्याय याच साष्टीत लिहिला गेला आहे. म्हणून आरंभ दूरच्या देशांपासून न करता बोरिवलीपासून करणे योग्य ठरेल.

साष्टीचा अनुभव

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ साली वसईच्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढे आंतोनियो दो पोर्तो हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू या भागात आला. बोरिवलीजवळची मंडपेश्वरची शैव लेणी हे त्या वेळी येथील मोठे देवस्थान होते. त्या लेण्याचे चर्च झाले, शिवाच्या मूर्ती झाकल्या गेल्या, देवस्थानच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले आणि वरच्या टेकडीवर नवख्रिस्ती मुलांच्या शिक्षणासाठी विद्यालय उभे राहिले. त्या वास्तूचे भग्नावशेष आजही तेथे दिसतात. देऊळ घेतले तर त्या पिढीचा आश्रय जातो. मुले घेतली तर पुढची पिढीच हाती येते. ही दृष्टी ठेवूनच लेण्याशेजारी विद्यालय काढले गेले होते.

या धोरणाला कायद्याचे रूप १५५९ साली मिळाले. पोर्तुगालच्या राजाच्या नावाने निघालेल्या हुकुमान्वये, ज्या हिंदू मुलांना आई, बाप, आजा, आजी असे कोणीही वडीलधारे उरलेले नसेल आणि ज्यांना अद्याप समज आलेली नसेल, अशा मुलांना ताब्यात घेऊन गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयाच्या स्वाधीन करावे, त्यांना बाप्तिस्मा द्यावा आणि ख्रिस्ती म्हणून वाढवावे, असे ठरले. पुढे या हुकुमाचा अर्थ ताणला गेला. बाप वारला की आई जिवंत असूनही मूल अनाथ गणले जाऊ लागले. गोव्यात हिंदू कुटुंबे मुलांना घेऊन रातोरात सीमेपार पळून जात, त्यामागे हे एक मोठे कारण होते. अ. का. प्रियोळकर यांनी गोव्यातील धर्मन्यायसभेवरील आपल्या १९६१ सालच्या ग्रंथात या काळाचे साधार विवेचन केलेले आहे.

चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेमागील अनेक कारणांत या जाचाविरुद्धच्या रयतेच्या तक्रारी होत्या. अंजूरच्या नाईक बंधूंनी त्या पेशव्यांपर्यंत पोहोचविल्या. १७३७ मध्ये साष्टी आणि मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे आली. यातील एक गोष्ट मात्र आवर्जून ध्यानात घेतली पाहिजे. विजयी मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या सक्तीला सक्तीने उत्तर दिले नाही. ख्रिस्ती रयतेला आपली उपासना चालू ठेवण्याची मुभा देण्यात आली. मरोळ, गोराई, वसई येथील मराठी बोलणारा ईस्ट इंडियन समाज आजही आपल्या श्रद्धेसह, आपल्या ओव्या-गाण्यांसह येथे नांदत आहे. आजचा प्रश्न या शेजाऱ्यांच्या श्रद्धेचा नाही. मुलाच्या समजेचा आणि आईबापांच्या संमतीचा तो प्रश्न आहे.

दोन खटले

पोर्तुगीजांची सक्ती संपली, तरी प्रश्न संपला नाही. त्याचे स्वरूप तेवढे पालटले. इंग्रजी अमदानीत शाळा हे धर्मप्रसाराचे मुख्य साधन झाले. १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आले. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि १८३२ मध्ये त्यांनी शाळा काढली. तीच पुढे विल्सन कॉलेज झाली. विल्सन हे मोठे विद्वान होते, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्यांच्या शाळेत उत्तम इंग्रजी शिकविले जाई, म्हणून प्रतिष्ठित घरांतील मुले तेथे जात. परंतु त्या शाळेचा अंतिम हेतू इंग्रजी शिकविणे हा नव्हता आणि तो हेतू मिशनऱ्यांनी कधी लपविलाही नव्हता. पालकांनीच त्याकडे काणाडोळा केला होता.

१८३९ च्या मे महिन्यात या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पारशी समाज हादरला. धनजीभाईचे वय सुमारे सोळा-सतरा. प्रकरण हेबियस कॉर्पसच्या अर्जाने सुप्रीम कोर्टात गेले. मुलाला स्वतःचे बरेवाईट कळण्याइतकी समज आली आहे, असे न्यायालयाने मानले आणि त्याला हवे तिकडे जाण्यास मोकळीक दिली. तो विल्सन यांच्याबरोबर गेला. शाळेतील विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने घटली.

चार वर्षांनी, १८४३ मध्ये, हीच वेळ ब्राह्मण समाजावर आली. मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री या तरुणाने रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती हा जेमतेम बारा वर्षांचा; तोही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. वडिलांनी नारायणाच्या निर्णयापुढे हात टेकले, पण श्रीपतीसाठी ते न्यायालयात गेले. स्वतः मुलाची मिशनऱ्यांकडेच राहण्याची इच्छा होती. तरीही बारा वर्षांच्या मुलाला असा निर्णय घेण्याइतकी समज नसते, त्याचा ताबा बापाकडेच असला पाहिजे, असा निर्णय मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने दिला.

हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. वरवर ते परस्परविरुद्ध दिसतात, पण दोहोंमागील कसोटी एकच आहे. ज्याला समज आली आहे त्याचे स्वातंत्र्य मानावे आणि ज्याला ती आली नाही त्याच्या वतीने आईबापांचा अधिकार मानावा. न्यायाधीश इंग्रज होते, ख्रिस्ती होते, तरी त्यांनी हा विवेक राखला. आजही या विषयावर बोलताना ही कसोटी सुटता कामा नये. सज्ञान माणसाने पूर्ण विचारांती धर्म बदलला तर त्याबद्दल दुःख वाटू शकते, त्याच्याशी वाद घालता येतो, पण त्याचे स्वातंत्र्य नाकारता येत नाही. बाबा पदमनजी यांनी वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८५४ मध्ये, बाप्तिस्मा घेतला, ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये, चांगले कर्ते झाल्यावर. त्यांची गोष्ट वेगळी आणि बारा वर्षांच्या श्रीपतीची वेगळी.

परतीची वाट कोणी अडविली?

श्रीपती घरी परतला खरा, पण घराचे दार त्याच्यासाठी पुरते उघडले नाही. तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला, जेवला. तेव्हा तो बाटला, असे सनातनी मंडळींनी ठरविले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले. अजाण मुलाच्या हातून जे घडले त्याला प्रायश्चित्त असले पाहिजे आणि प्रायश्चित्तानंतर त्याला पंक्तीत घेतले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यावरून मुंबईत केवढे रण माजले! एका मुलाला परत घेऊ पाहणाऱ्या बाळशास्त्रींनाच बहिष्काराला तोंड द्यावे लागले. १८४६ मध्ये, ऐन तारुण्यात, त्यांचे निधन झाले.

न्यायालयात बापाने जिंकलेला मुलगा समाजाच्या पंक्तीत हरवू लागला होता. मिशनऱ्यांच्या शाळेला दोष देताना इतिहासाचे हे दुसरे पान मिटून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एका बाजूला मुलाला आत ओढणारे हात होते आणि दुसऱ्या बाजूला त्याला बाहेर ढकलणारे हातही होते. पुढे शुद्धीची चळवळ उभी राहिली तिच्या कितीतरी आधी, मराठी पत्रकारितेच्या जनकाने हा धडा स्वतःच्या अंगावर घाव झेलून समाजापुढे ठेवला होता.

शारदा सदनाचे उघडे दार

या विषयावरील महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेला वाद शारदा सदनाचा. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत मिळालेल्या साहाय्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले. ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, मुलींना कोणताही धर्म शिकविला जाणार नाही, असे आश्वासन होते. त्या आश्वासनावर विसंबून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळात बसले.

वाद पेटला तो प्रार्थनेवरून. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. कोणालाही बोलावले नाही, पण येणाऱ्याला अडविणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. 'केसरी'तून टिळकांनी टीकेची झोड उठविली. टिळकांची टीका राजकीय विरोधकाची म्हणून कोणी बाजूला सारील. परंतु रानडे आणि भांडारकर हे तर रमाबाईंचे पाठीराखे होते. त्यांनीही ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागारपदाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादाचा गाभा नीट समजून घेतला पाहिजे. बारा-चौदा वर्षांची विधवा मुलगी, घरातून जिला केवळ दूषणे मिळाली, ती अशा बाईंच्या आश्रयास येते जी तिला जवळ घेते, जेवू घालते, शिकविते. त्या बाईंच्या प्रार्थनेचे दार उघडे असेल तर ती मुलगी आत जाणारच. तिला कोणी ओढून नेले नाही हे खरे. पण ती स्वतंत्र बुद्धीने आत गेली, असेही म्हणता येत नाही. अन्न, निवारा आणि माया ज्याच्या हातून मिळते त्याचा धर्म मुलाला आपोआप खरा वाटू लागतो. म्हणूनच अनाथ आणि आश्रित मुलांच्या बाबतीत संस्थाचालकाची जबाबदारी इतरांहून अधिक असते. रानडे-भांडारकरांचा आक्षेप हाच होता आणि तो आजही शिळा झालेला नाही.

मनोरमेच्या शिक्षणाची कथा

रमाबाईंच्या चरित्रातील आणखी एक भाग फारसा सांगितला जात नाही. त्यांची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा आईबरोबरच झाला, तेव्हा ती दोन वर्षांची होती. पुढे रमाबाई चेल्टनहॅमला शिकत-शिकवीत असताना वाँटेजच्या मठात सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे मनोरमेच्या संगोपनाचा बराच भार होता. त्या मठातील भगिनी लहानग्या मनोरमेला चर्चची ठरीव मते पढवू लागल्या, तेव्हा रमाबाईंनी हरकत घेतली. आपल्या देशातील पुरोहितशाहीचे जोखड महत्प्रयासाने झुगारल्यावर दुसरे जोखड मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या, आणि जे स्वतःच्या बुद्धीला पटले नाही ते मुलीला शिकविले जावे हेही त्यांना मान्य नव्हते. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपात प्रसिद्ध केला आहे.

एक ख्रिस्ती आई, ख्रिस्ती चर्चला, आपल्या ख्रिस्ती मुलीसाठी बजावते की तिच्या मनात काय पेरायचे हे आईला विचारल्यावाचून ठरवू नका. आईचा हा अधिकार किती स्वाभाविक आहे, हे यावरून दिसते. जो अधिकार रमाबाईंनी आपल्या मनोरमेसाठी मागितला, तोच शारदा सदनातील मुलींच्या पालकांनी मागितला होता. एकाच तराजूने मोजले तर दोन्ही मागण्यांचे वजन सारखे भरते.

केडगाव, १९०५

पुढे दुष्काळ आले. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांत, गुजरात येथून शेकडो मुली व बालविधवा केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. त्यांनी हजारोंचे प्राण वाचविले, त्यांना छापखाना, विणकाम, शेती शिकविली, ही गोष्ट कृतज्ञतेने मान्य केली पाहिजे. त्या वेळी तितक्या मुलींना जवळ करणारे हात आपल्या समाजातून पुढे आले नव्हते.

पण आता तटस्थतेचे बंधन उरले नव्हते. जून १९०५ च्या अखेरीस मुक्ती सदनात ज्याला ख्रिस्ती इतिहासकार 'रिव्हायव्हल' म्हणतात ते घडले. शेकडो मुली आपली पापे आठवून मोठमोठ्याने रडू लागल्या, थरथर कापू लागल्या, आपल्या अंगात पवित्र आत्म्याचा अग्नी संचारल्याचे सांगू लागल्या. पुढे अनोळखी भाषांत बोलण्याचे प्रकारही झाले. मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी त्यावर पुस्तक लिहिले आणि जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव कायमचे कोरले गेले.

श्रद्धावंत ख्रिस्ती माणसाला ही ईश्वरी कृपा वाटेल. परंतु दुष्काळात आईबाप गमावलेल्या, उपाशी मरता मरता वाचलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीने आपण पापिणी आहोत म्हणून आक्रोश करावा, हे वाचताना कोणत्याही आईच्या काळजात कालवल्यावाचून राहणार नाही. तिचे पाप ते कोणते? इव्हँजेलिकल शिकवणुकीचा हा मर्मभाग आहे. प्रत्येक जीव जन्मतः पापी आहे, ख्रिस्ताला शरण गेल्यावाचून नरक अटळ आहे, असे ती मानते. प्रौढ माणूस या सिद्धांताशी वाद घालू शकतो. मुलाजवळ वादाची शक्ती नसते, त्याच्याजवळ भीती तेवढी असते.

चार ते चौदा

इव्हँजेलिकल पंथांनी बालवयाचे महत्त्व फार पूर्वी ओळखले. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये ग्लॉस्टरला रविवारच्या शाळा काढल्या त्या मुख्यतः कामकरी मुलांना साक्षर करण्यासाठी. पुढे त्यांचा भर धर्मशिक्षणावर आला. १८७६ मध्ये भारतातही अशा शाळांचा संघ स्थापन झाला. स्पर्जन या इंग्रज उपदेशकाने १८६६ मध्ये शब्दाविना पुस्तकाची कल्पना मांडली. त्याच्या पानांवर एक अक्षर नसते, असतात ते नुसते रंग. काळे पान पापाचे, तांबडे ख्रिस्ताच्या रक्ताचे, पांढरे शुद्धीचे. सोनेरी पान पुढे आले, ते स्वर्गाचे. वाचताही न येणाऱ्या बालकासाठी ही योजना! १९३७ मध्ये अमेरिकेत केवळ बालकांत सुवार्ताप्रसार करण्यासाठी चाइल्ड इव्हँजेलिझम फेलोशिप ही संस्था निघाली आणि तिच्या 'गुड न्यूज क्लब'ना शाळा सुटल्यावर शाळेच्याच इमारतीत भरण्याची मुभा २००१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिली.

लुईस बुश या प्रचारकाचे नाव यापुढे घेतले पाहिजे. उत्तर आफ्रिकेपासून पूर्व आशियापर्यंतचा, भारताचा समावेश असलेला पट्टा '१०/४० खिडकी' या नावाने मिशनरी जगापुढे त्यांनीच ठेवला. २००९ मध्ये त्यांनी दुसरी खिडकी मांडली, '४/१४'. पहिल्या आकड्यांत अक्षांश होते. या आकड्यांत मुलांची वये आहेत. चार ते चौदा या वयात मन घडते, म्हणून प्रयत्न तेथे केंद्रित करावे, असे हे उघड प्रतिपादन आहे. त्यात कोणतेही गुप्त कारस्थान शोधण्याची आवश्यकता नाही, सारे छापून प्रसिद्ध आहे. पालकांनी ते वाचलेले नाही, एवढेच.

या पद्धतीवरची टीका हिंदूंनीच केली आहे असेही नव्हे. २००६ मध्ये 'जीझस कॅम्प' हा अमेरिकन माहितीपट आला. नॉर्थ डकोटातील उन्हाळी शिबिरात लहान मुले रडताहेत, अनोळखी भाषांत बोलताहेत, राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिमेपुढे प्रार्थना करताहेत, अशी दृश्ये त्यात आहेत. तो पाहून खुद्द अमेरिकेत खळबळ उडाली आणि ते शिबिर पुढे बंद करण्यात आले. त्या चित्रपटातच या प्रकाराविरुद्ध बोलणारा आकाशवाणी निवेदक स्वतः मेथॉडिस्ट ख्रिस्ती आहे.

संस्कार आणि मतारोपण

येथे एक प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. हिंदू घरात मूल शुभंकरोती म्हणते, गणपतीपुढे हात जोडते, बालवर्गात श्लोक पाठ करते. ते तरी त्याला कोठे विचारून केलेले असते? मग ख्रिस्ती आईबापांनी आपल्या मुलाला प्रार्थना शिकविली तर तिला मतारोपण का म्हणावे?

म्हणूच नये. आईबापांनी आपल्या श्रद्धेनुसार मुलाला वाढविणे हा संस्कार आहे. तो हिंदूचा असो वा ख्रिस्ती माणसाचा. भेद ओळखण्याच्या कसोट्या वेगळ्या आहेत. जे शिकविले जाते ते आईबापांना ठाऊक आहे काय? मुलाला शंका विचारता येते काय, आणि विचारल्यावर त्याला उत्तर मिळते की दटावणी? शिकवणुकीचा पाया आदर आहे की भीती? वह्या, खाऊ, शिकवणी, औषध यांच्या मोबदल्यात प्रार्थना मागितली जाते काय? दुसऱ्याच्या देवाला सैतान म्हणण्यास मुलाला शिकविले जाते काय? आणि मोठेपणी त्याने वेगळा मार्ग धरला तर घराचे दार त्याला उघडे राहील काय?

या कसोट्या सर्वांना सारख्याच लावल्या पाहिजेत. हिंदू घरातही भीती घालून, प्रश्न दडपून, दुसऱ्याचा द्वेष पेरून मूल घडविले जात असेल तर तेथेही संस्कार हे नाव शोभणार नाही. ज्या परंपरेत नचिकेता हा बालक प्रत्यक्ष यमाला प्रश्न विचारतो, त्या परंपरेला मुलाच्या प्रश्नांचे भय असण्याचे कारण नाही.

या कसोट्यांत भीतीची कसोटी सर्वांत महत्त्वाची. आठ वर्षांच्या मुलाला कोणी सांगितले की मूर्तीपुढे दिवा लावणारा नरकात जातो, तर ते मूल संध्याकाळी घरी येऊन काय पाहते? त्याची आजी देवापुढे निरांजन लावीत असते. जिच्या मांडीवर ते वाढले ती नरकात जळणार, हा विचार घेऊन ते झोपते. ते कोणाला सांगत नाही, कारण सांगितले तर आजी दुखावेल आणि न सांगितले तर आजी वाचणार नाही. धर्मांतर पुढे होवो वा न होवो, घर आणि मूल यांच्यामधला धागा त्याच रात्री उसवतो. खरी हानी ही आहे आणि ती कोणत्याही जनगणनेत दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही किंचित कमी होती. आकड्यांचा बागुलबुवा उभा करण्याची गरज नाही. एका मुलाच्या मनातील भीती हीसुद्धा पुरेशी गंभीर गोष्ट आहे.

कायद्याचा आधार

या बाबतीत भारतीय कायदा पालकांच्या बाजूने स्पष्ट आहे, पण तो फार थोड्या पालकांना ठाऊक असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार, शासनमान्य अथवा शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणाही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षण वा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही; विद्यार्थी अज्ञान असल्यास त्याच्या पालकाची संमती आवश्यक आहे. अनुच्छेद २५ धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देतो. पण प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले आहे. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमातही पालक नेमताना मुलाचा धर्म विचारात घेण्याची तरतूद आहे. ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये केलेल्या कायद्यांत अज्ञान मुलांच्या बाबतीतील अपराधाला अधिक शिक्षा ठेवली गेली, ती याच जाणिवेने. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. त्याचा चौदावा अनुच्छेद मुलाचे धर्मस्वातंत्र्य मानतो आणि ते स्वातंत्र्य वापरण्यास मार्गदर्शन करण्याचा आईबापांचा अधिकारही मानतो.

कायदा हाती असताना दंडेलीची वाट धरणे हे अधर्माचेच लक्षण होय. जानेवारी १९९९ मध्ये ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स या मिशनऱ्याबरोबर त्यांची दोन लहान मुले गाडीत जाळून मारली गेली. मुलांच्या मनाची चिंता वाहणाऱ्यांनी ती दोन मुले कधीही विसरू नयेत. मूल कोणाचेही असो, ते धर्मयुद्धाचे रणांगण होता कामा नये.

उत्तर कोणते?

शारदा सदनाच्या वादाला महाराष्ट्राने दोन प्रकारची उत्तरे दिली. एक वर्तमानपत्रातून दिले गेले. दुसरे धोंडो केशव कर्वे यांनी दिले. शारदा सदनात प्रथम दाखल झालेली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी त्यांनी मार्च १८९३ मध्ये, म्हणजे वाद ऐन भरात असताना, विवाह केला. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्यास नेला. १९१६ मध्ये त्यातून महिला विद्यापीठ उभे राहिले. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. १९२७ मध्ये मुंबईत श्रद्धानंद महिलाश्रम निघाला. लेख कालांतराने जुने होतात. या संस्थांतून शिकून बाहेर पडलेल्या मुलींच्या मुली आणि नाती आज समाजात उभ्या आहेत.

घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्तीत आईबाप दोघेही सकाळी कामाला जातात. मूल दुपारी शाळेतून येते तेव्हा दाराला कुलूप असते. त्या चार तासांत त्याला जवळ बसवून गणित शिकविणारा जो कोणी असेल, त्याचेच ते ऐकणार. तेथे कोण येतो याची चौकशी जरूर करावी. काय शिकविले जाते ते पालकांनी स्वतः जाऊन पाहावे, संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचावे, आणि अज्ञान मुलाकडून परस्पर काही करवून घेतले जात असेल तर लेखी तक्रार करावी. पण त्याआधी एक प्रश्न आपापल्या घरी विचारावा. बोरिवली, मुलुंडच्या सोसायट्यांत निवृत्त शिक्षक आहेत, सुशिक्षित गृहिणी आहेत, महाविद्यालयीन तरुण आहेत. त्यांच्यापैकी कितीजण आठवड्यातून दोन दुपारी त्या वस्तीत जाण्यास तयार आहेत?

गेलात, तर तेथेही हीच कसोटी पाळावी. वर्ग मुलांसाठी चालवावा, आईबापांना सांगून चालवावा. ख्रिस्ती वा मुसलमान घरचे मूल आले तर त्यालाही तितक्याच मायेने गणित शिकवावे आणि त्याच्या घरच्या देवाला हात लावू नये. घरीही मुलांना वेळ द्यावा. आजीने गोष्ट सांगावी, बापाने ती ऐकावी, आणि मुलाने 'असे का?' म्हणून विचारले तर कामाचे निमित्त करून उठून जाऊ नये. ज्या मुलाच्या प्रश्नांना घरात उत्तर मिळते, त्याला ते शोधीत परक्या दारी जावे लागत नाही.